गिअरची गाडी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी भाचीला शिकवली, मग वहिनीला, मग सोसायटीतल्या दोघींना. आता रविवारी सकाळी मिहानच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर माझ्या शेजारच्या सीटवर कोणी ना कोणी घाम पुसत बसलेलं असतं. हा माझा धंदा नाही, नाद आहे. रविवार संपला की आठवडाभर व्हॉइस नोट येत राहतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाचे इथे लिहून काढले. काही प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: क्लच दाबायला कोणालाही येतो, शिकावं लागतं ते सोडायला.

१. आता सगळे ऑटोमॅटिक घेऊन रायले. मग गिअरची गाडी शिकायची कायले?

पहिलं कारण खिशाचं. तीच गाडी गिअरमध्ये घेतली तर स्वस्त पडते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात अजून गिअरच्याच गाड्या जास्त दिसतात. दुसरं कारण मला जास्त पटतं: दर वेळी किल्ली आपल्याच गाडीची हातात येईल असं नाही. लग्नघरात पाहुणे आणायला स्टेशनवर जायचं असतं, रात्री दोन वाजता शेजारच्या काकांना दवाखान्यात न्यायचं असतं. तेव्हा दारात उभी असेल ती गाडी चालवता आली पाहिजे. गिअरची येत असेल त्याला ऑटोमॅटिक अर्ध्या तासात येते, उलटं होत नाही.

पण रोज इतवारी-महालच्या गल्ल्यांतूनच जायचं असेल आणि डावा गुडघा आधीच कुरकुरत असेल, तर खुशाल ऑटोमॅटिक घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

२. क्लच नेमका करतो काय? सगळे “दाब, सोड” म्हणतात, काऊन ते कोणी सांगत नाही.

इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी थांबतात, कधी हळू चालतात, कधी जोरात. या दोघांना जोडायची आणि तोडायची सोय म्हणजे क्लच. इंजिनच्या टोकाला एक जड चाक फिरत असतं, ते फ्लायव्हील. त्याच्यावर घर्षणाचं अस्तर लावलेली क्लच प्लेट एका दणकट स्प्रिंगने दाबून धरलेली असते. तुम्ही पेडल दाबलं की तो दाब सुटतो आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. पेडल सोडलं की प्लेट पुन्हा चिकटते आणि ताकद चाकापर्यंत जाते.

जुन्या आटाचक्कीत पट्टा चढवताना पाहिलं असेल. आधी तो चरचरत घसरतो, मग पकडतो. क्लचमध्येही तेच होतं. घसरण्यापासून पकडण्यापर्यंतची पेडलची ती दोन बोटांची जागा म्हणजे आपल्याकडचा “हाफ क्लच”. गाडी सुरळीत उचलली जाते ती याच जागेत, आणि प्लेट झिजते तीही याच जागेत. म्हणून तिथे जायचं जरूर, पण मुक्काम करायचा नाही.

३. ताई, गाडी सारखी बंदच पडून रायली. मी काय चुकतो?

पाय एकदम उचलता. दुसरं कारण नव्वद टक्के वेळा नसतंच.

सपाट मोकळ्या जागी हे करून पाहा. एक्सलरेटरला पायच लावायचा नाही. पहिला गिअर टाका, टाच जमिनीला टेकवा आणि क्लच मुंगीच्या चालीनं वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज जरा जड होतो, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरकू लागते. तिथे पाय थांबवा, मनात “एक, दोन” म्हणा, मग उरलेलं पेडल सोडा. सरकण्याचा तो क्षण दिसला की बहुतेक जण आनंदाने पाय काढून घेतात, आणि तिथेच गाडी आचका देऊन बंद पडते. वीस वेळा असं न रेस देता उचलून दाखवा, मग एक्सलरेटरचं बघू. डिझेल गाडीत हे लवकर जमतं, लहान पेट्रोल इंजिनात जरा जास्त नाजूकपणा लागतो.

बंद पडलीच तर घाबरू नका. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, सेल्फ, पहिला गिअर: पाच सेकंदांचं काम आहे. मी वडिलांच्या मारुती ८०० वर शिकत होते तेव्हा व्हरायटी चौकात, ऐन हिरव्या सिग्नलवर, सलग चार वेळा गाडी बंद पाडली होती. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवणं सोडून शेवटी खाली उतरून “आरामात घ्या बाई” म्हटलं. त्याचे उपकार मी अजून फेडते आहे, शिकणाऱ्याच्या मागे हॉर्न न वाजवून.

४. कोणत्या स्पीडला कोणता गिअर?

लहान पेट्रोल गाडीसाठी ढोबळ हिशेब: पहिला फक्त उचलायला, साधारण १५ पर्यंत, दुसरा ३० पर्यंत, तिसरा ४५ पर्यंत, चौथा ६० पर्यंत, त्यापुढे पाचवा. महिनाभर हा आकडा पाहा, नंतर काट्याकडे पाहू नका, कान लावा. इंजिन किंचाळायला लागलं तर वरचा गिअर मागतंय. घरघर करत गाडी थरथरायला लागली तर खालचा मागतंय. दुसरी चूक आपल्याकडे जास्त होते, कारण “टॉपमध्ये चालवली की ॲव्हरेज मिळतो” हे घराघरात सांगितलेलं असतं. ३० च्या वेगाला पाचव्यात इंजिनला रडवून पेट्रोल वाचत नाही, वर इंजिनवर ताण येतो.

५. गिअर बदलताना दरवेळी झटका बसतो. मागे बसलेली सासू काही बोलत नाही, पण दारावरचा दांडा घट्ट धरून बसते.

वर जाताना झटका बसतो तो घाईमुळे किंवा रेंगाळण्यामुळे. एक्सलरेटर सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी झालं पाहिजे, आणि गिअर पडल्यावर क्लच शांतपणे वर यायला हवा.

खाली येताना कारण वेगळं असतं. चौथ्यातून तिसऱ्यात आलं की त्याच वेगाला इंजिनला जास्त फेरे फिरावे लागतात. तुम्ही क्लच सोडला की ते जास्तीचे फेरे चाकं इंजिनकडून ओढून घेतात, आणि त्या ओढीने मान पुढे जाते. उपाय असा: क्लच सोडण्यापूर्वी उजव्या पायानं एक्सलरेटरला हलकीशी टिचकी द्या, इंजिन आधीच त्या फेऱ्यांवर येतं. हे पहिल्यांदा जमलं की सासूचा हात दांड्यावरून आपोआप खाली येतो. आमच्या वहिनीच्या बाबतीत तीन आठवडे लागले.

६. नागपूर तं सपाट हाय. चढावर गाडी उचलणं आपल्याले कुठं लागते?

तुमच्याच फाटकात लागते, बाप्पा! जुन्या वस्त्यांमध्ये सिमेंटचे रस्ते झाले आणि कित्येक ठिकाणी रस्ता वर, घर खाली अशी अवस्था झाली. गाडी काढायची म्हणजे रोज सकाळी फाटकातल्या उतरंडीवरून, वर येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटी सांभाळत, चढ चढायचा. त्यात मॉलच्या तळघरातली पार्किंग, वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना अडकलेली रांग, रामटेकला गडमंदिराचा रस्ता. सपाट शहरातल्या माणसाची पंचाईत ही की त्याला चढाची सवय नसते आणि चढ येतो तो नेमका अरुंद जागेत.

पद्धत एकच, आणि जुनीच. हँडब्रेक पूर्ण ओढा. पहिला गिअर टाका. थोडी रेस द्या, रोजच्यापेक्षा जरा जास्त. क्लच हाफपर्यंत आणा. आता गाडीचं तोंड किंचित उचललं जाईल आणि मागचा भाग बसल्यासारखा होईल, म्हणजे गाडी हँडब्रेकशी भांडायला लागली आहे. तेव्हा हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे येत नाही. नवशिक्यांची चूक म्हणजे हँडब्रेक आधी सोडून मग क्लचची जागा शोधत बसणं.

दोन सूचना. एक, चढावर थांबलेली गाडी हाफ क्लच आणि रेसवर तोलून धरू नका. हे कौशल्य वाटतं, पण ती प्लेटची होळी असते. दोन, आपल्यापुढची गाडी चढावर उभी असेल तर अर्धी गाडी तरी अंतर ठेवा, तिचा चालक रविवारीच शिकलेला असू शकतो. नव्या बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड असतो, तो ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतो. छान सोय आहे. पण ती नसलेली गाडी कधी हातात येईल सांगता येत नाही, म्हणून आधी हँडब्रेकनं शिका.

७. सिग्नलवर न्यूट्रल करायची की पहिला गिअर टाकून क्लच दाबून थांबायचं?

न्यूट्रल. सिग्नलला आकडे दिसत असतील तर दहा उरले की गिअर टाका. नव्वद सेकंद क्लच दाबून ठेवला तर पेडल ज्या बेअरिंगला ढकलतं ते रिलीज बेअरिंग उगाच झिजतं आणि पायही भरून येतो. शिवाय पाय घसरला तर गाडी झेब्रावरच्या माणसांत जाते.

८. बर्डीत संध्याकाळी गेलो की डावा पाय गळून जातो. गर्दीत गाडी चालवायची कशी?

समोरची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचं, हा आपल्याकडचा सामूहिक छंद आहे. तो सोडा. समोर दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडा आणि गाडीला तिच्या चालीने रांगू द्या. पहिल्या गिअरमध्ये, पाय कुठेच न लावता, सपाट रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने चालत राहते. दहा वेळा क्लच दाबण्याऐवजी तीनदा दाबावा लागतो.

त्या मोकळ्या जागेत ॲक्टिव्हावाले घुसणारच. घुसू द्या, त्यांच्याशी शर्यत लावली तर प्लेट तुमची जळते, त्यांचं काही जात नाही. सीटही तपासा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबावा लागत असेल तर दुखणारच, मग ती गर्दीची चूक नाही.

९. क्लचवर पाय आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून चालवायची सवय आहे. काही बिघडतं का?

हो, दोन्हीनं. नुसता टेकलेला पायही क्लच थोडासा दाबतो. तेवढ्यानं प्लेटची पकड ढिली होते आणि बेअरिंग कायम फिरत राहतं. दांड्यावर हाताचं वजन ठेवलं की गिअर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर दाब येतो. पायासाठी क्लचच्या डावीकडे जागा असते, हातासाठी स्टेअरिंग आहे.

१०. ब्रेक मारताना आधी क्लच की आधी ब्रेक?

आधी ब्रेक. क्लच दाबला की इंजिनची अटकाव करणारी ताकद तुटते आणि गाडी मोकळी धावते. वेग बराच उतरला, इंजिन थरथरायच्या बेतात आलं, की मग क्लच दाबा. अचानक कुत्रं आडवं आलं तर मात्र विचार करत बसू नका, दोन्ही पेडलं एकदम दाबली तरी चालेल. गाडी बंद पडली तरी चालेल, फक्त थांबली पाहिजे.

११. उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं ना? आमचे बाबा तसंच करायचे.

बाबांच्या काळात वाचत असेल, कारण कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिनला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केली की उलट इंजिनला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल प्यावं लागतं. म्हणजे बाबांचा उपाय आज महाग पडतो.

पण खरा मुद्दा पेट्रोलचा नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून गेलात की उतरताना हे कळतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. जो गिअर चढायला लागला तोच उतरायला ठेवा, बहुतेक दुसरा किंवा तिसरा. इंजिन गुरगुरत गाडी रोखून धरतं. ते गुरगुरणं ऐकून शेजारचे घाबरतात, त्यांना सांगा की इंजिन त्याचं काम करतंय.

१२. रिव्हर्स पडतच नाही, किंवा खर्रर्र करून पडतो. गिअरबॉक्स गेला का?

सहसा नाही. पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर नावाची सोय असते, ती दोन्ही दात एकाच वेगावर आणून जुळवते. कित्येक गाड्यांत रिव्हर्सला ती नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, दोन सेकंद थांबा, मग टाका. तरी अडकला तर एकदा पहिल्यात टाकून मग रिव्हर्सला न्या. काही गाड्यांत दांड्याखालची रिंग उचलावी लागते, काहींत दांडा खाली दाबावा लागतो, पुस्तिका पाहा. मागे जाताना येणारा तो सुरेल “वींऽऽ” आवाज सरळ दातांच्या गिअरचा असतो, तो दोष नाही. सगळेच गिअर जड जात असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

१३. क्लच प्लेट संपली हे कसं ओळखायचं? मिस्त्री तं प्रत्येक वेळी “प्लेट गेली” म्हणते.

चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला, मोकळ्या रस्त्यावर, एक्सलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज आणि फेरे एकदम चढले पण गाडीनं वेग घेतला नाही, तर प्लेट घसरते आहे. इतर खुणा म्हणजे पेडल अगदी वर आल्यावरच गाडी उचलणं आणि चढावर जळका वास. हे दिसलं तर मिस्त्री खरं बोलतोय.

याच्या उलट आजार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. गिअर जड पडतात, पहिला टाकताना आवाज येतो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. तेव्हा प्लेट बदलण्याआधी केबल ताणून पाहायला सांगा. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी पाहा, त्यात ब्रेकचंच ऑइल लागतं आणि बऱ्याच गाड्यांत डबीही एकच असते. माझ्याकडून एकदा एका गॅरेजात नव्या प्लेटचे पैसे घेतले गेले होते, प्रत्यक्षात केबल शेवटच्या धाग्यावर होती. तेव्हापासून मी जुना भाग परत मागते. तुम्हीही मागा.

किती किलोमीटर चालते याचं एकच उत्तर नाही. त्याच मॉडेलची प्लेट कोणी चाळीस हजारांत संपवतं, कोणी लाखावर नेतं. फरक फक्त डाव्या पायाचा (प्रश्न २, ६, ८ आणि ९).

१४. मे महिन्यात एसी लावला की गाडीचा पिकप जातो अन् सिग्नलवरून उचलताना बंद पडते.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनकडूनच ताकद घेतो. ४५ अंशांत तो जवळजवळ थांबतच नाही, आणि लहान इंजिनाला हा वाटा जाणवतो. उचलताना नेहमीपेक्षा जरा जास्त रेस द्या, क्लच हाफवर अर्धा सेकंद जास्त थांबवा. वर्दळीत ओव्हरटेक करायचा असेल तर एक गिअर खाली घ्या.

उन्हात दुपारभर उभ्या गाडीचा गिअरचा गोळा, विशेषतः धातूचा, तव्यासारखा तापतो. नवतपात मी त्यावर दुपट्टा टाकून ठेवते. नवरा हसतो, मग त्याच दुपट्ट्यानं स्टेअरिंग धरतो.

१५. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून गिअरची गाडी कशी काढायची?

शक्यतो काढूच नका. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी दिसलं तर वळून जा, खोली दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा उभ्या गाड्याही वाहून गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अर्ध्या चाकाच्या आतलं पाणी असेल आणि जाणं भागच असेल, तर पहिला गिअर, एकसारखी रेस, एकच चाल. मध्ये गिअर बदलायचा नाही, पाय काढायचा नाही. क्लच दाबलात आणि इंजिनाचे फेरे पडले की सायलेन्सरमधून पाणी आत यायची भीती. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा, म्हणजे ते सुकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही मारून चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो, आणि प्लेटच्या खर्चाऐवजी इंजिनचा खर्च येतो.

१६. समृद्धीवर तासन्‌तास एकाच गिअरमध्ये चालवली तर गाडीला त्रास होतो का?

गाडीला अजिबात नाही, टॉप गिअर त्यासाठीच असतो. त्रास माणसाला होतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारसाठी कमाल १२०, सरळ सिमेंटचा रस्ता. दीड तास डाव्या पायाला कामच नसलं की डोळे मिटायला लागतात. दर दीड-दोन तासांनी थांबा. टायरची हवा निघण्यापूर्वी, थंड असताना तपासा.

पुढच्या ट्रकला ओलांडताना गाडी जोर धरत नसेल तर पाचव्यात एक्सलरेटर जमिनीला लावून बसू नका. चौथा घ्या, जा, पुन्हा पाचवा.

१७. बॅटरी उतरली. धक्का मारून चालू करता येते का?

गिअरच्या गाडीचा हा जुना मान आहे. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. दोघा-तिघांनी ढकलून गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडा आणि इंजिन लागताच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये हाच प्रकार केला तर फार मोठा आचका बसतो, म्हणून दुसरा. इंजिन बंद असताना स्टेअरिंग जड असतं आणि ब्रेकला नेहमीपेक्षा बराच जोर लागतो, हे ढकलणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

अपवाद: बॅटरी पूर्ण मेली असेल, डॅशबोर्डवर एक दिवाही लागत नसेल, तर इंजेक्शनला वीज मिळत नाही आणि धक्के फुकट जातात. तेव्हा जंपर केबल. गाडी पाण्यात बंद पडलेली असेल तर प्रश्न १५ विसरू नका.

१८. रस्त्यात मध्येच क्लचची केबल तुटली तर?

एकदा काटोल रोडवर झालं आहे. गाडी चालू असताना केबल तुटली तर गिअर टाकलेलाच असतो, त्यामुळे गाडी चालत राहते, फक्त थांबायची असेल तर न्यूट्रल करावी लागते. एक्सलरेटर सोडून दांडा हलकेच ओढला की तो निघतो. पुन्हा निघायचं असेल तर इंजिन बंद करा, पहिला टाका, आणि सेल्फ मारा. गाडी उड्या मारत निघते आणि चालू होते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत केबल तुटली तरी पेडल दाबून धरा, बहुतेक वेळा स्विच पेडललाच असतो. हे फक्त बाजूला घेण्यापुरतं किंवा रिकाम्या रस्त्यानं जवळच्या गॅरेजपर्यंत. चौकांतून असं जाऊ नका, टो करा.

१९. चौथ्यातून पाचव्यात जाताना चुकून तिसरा पडला. काही नुकसान?

वेगावर अवलंबून. ६० ला पडला तर गाडी ओरडेल, बस. शंभराला दुसरा पडला आणि क्लच सोडला तर चाकं इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात. रेसला आवर घालणारी यंत्रणा पेट्रोल तोडू शकते, चाकांना नाही. चूक कळताच क्लच परत दाबा. ही चूक होते ती दांडा मुठीत आवळल्यामुळे. पाचव्याला जाताना तळहाताने उजवीकडे हलका दाब द्या आणि वर ढकला. न्यूट्रलमध्ये दांडा आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभा राहतो, त्याला त्याची जागा माहीत असते.

२०. खरं सांगा, यात तुम्हाला एवढं आवडतं काय?

डिसेंबरच्या सकाळी सेमिनरी हिल्सच्या वळणांवर, रस्ता ओला, एसी बंद, काच खाली. वळणाआधी ब्रेक, टिचकी, तिसऱ्याचा दुसरा, क्लच सुटला तरी गाडीला कळलंसुद्धा नाही. मग फुटाळ्यावर तर्री पोहे. यापेक्षा जास्त सांगता येत नाही.

२१. डबल क्लच काय असतं? आमचे ट्रकवाले काका त्याबद्दल फार बोलतात.

सिंक्रोनायझर नव्हते तेव्हाची विद्या. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं ते कारमध्ये पहिल्यांदा आणले. त्याआधी, आणि ट्रकमध्ये त्यानंतरही बराच काळ, खाली येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी कसरत करावी लागे. आजच्या कारला गरज नाही. काकांना म्हणू नका.

२२. एएमटी, आयएमटी... हे गिअरचे की बिनगिअरचे?

एएमटीत आतला क्लच आणि गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, फक्त तो चालवायला यंत्राचे हातपाय बसवलेले असतात. आपल्याकडे २०१४ च्या मारुती सेलेरिओनं ते घराघरात नेलं. म्हणून चढावर एक्सलरेटरवर तोलून धरायची खोड (प्रश्न ६) इथेही प्लेट जाळते. आयएमटीत दांडा आपण हलवायचा, क्लचचं पेडल मात्र नसतं. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूत आलं. ज्यांना दांडा हवा आणि गुडघा नको त्यांच्यासाठी.

२३. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर गिअरची गाडी चालवायला वेगळं लायसन्स लागतं?

कारसाठी नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स दोन्हींना चालतं. गिअर आणि बिनगिअर असा वेगळा वर्ग आहे तो दुचाकीत. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या टेस्टला जाता येतं. ही कागदाची गोष्ट झाली. फक्त ऑटोमॅटिक चालवलेल्यानं पहिल्याच दिवशी गिअरची गाडी घेऊन मानकापूर चौकात जाऊ नये, एवढं मीच सांगते.

२४. माझं वय ५८. आता जमेल का?

माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ६१ वर्षांची आहे. तरुण पोरं ओळख होण्याआधीच चौथा गिअर मागतात. त्या पहिले दोन रविवार फक्त क्लच वर-खाली करत बसल्या, तिसऱ्या रविवारी मला रामटेकला नेऊन आणलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

२५. पार्क करताना गिअरमध्ये ठेवायची का?

हो, हँडब्रेकसोबत. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. चालू करताना क्लच दाबायची सवय हवी, नाहीतर गाडी समोरच्या भिंतीला जाऊन भेटते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअर आणि चाकाला वीट, कारण पावसाळ्यात ब्रेक धरून बसतात.

२६. इतकी वर्षं गिअरची चालवली. परवा भावाची ऑटोमॅटिक घेतली अन् चौकात डाव्या पायानं दणकन ब्रेक बसला!

सगळ्यांचं होतं. डावा पाय क्लच शोधत जातो, तिथे ब्रेकचं रुंद पेडल असतं, आणि क्लचच्या सवयीनं तो तळापर्यंत दाबतो. पहिला आठवडा डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवा, मुद्दाम अडचणीच्या जागी. भाऊ शेजारी असेल तर त्याला आधीच सीटबेल्ट लावायला सांगा, आणि मागच्या सीटवर संत्र्यांची टोपली असेल तर ती खाली ठेवा. माझ्या वेळी ती वर होती.